ब्रॉयलरचे खाद्य: खर्च अँटिबायोटिकवर करायचा की तेलावर?

करारावर पिल्ले वाढवणाऱ्यांना कंपनीचे खाद्य आयते येते. मका, सोयापेंड आणून स्वतःच मिक्सर चालवणाऱ्याला मात्र हा निर्णय घ्यावाच लागतो.

वाढीसाठी बीएमडी (बॅसिट्रॅसिनचा एक प्रकार), एनरामायसिन यांसारखी अँटिबायोटिक्स टनाला थोड्याच ग्रॅमात पडतात. आतड्यातले क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू त्यांनी दबतात, आतड्याचे अस्तर पातळ राहते आणि खाल्लेले अंगी लागते. हे खरे आहे. पण शेडमध्ये जंतू जितके जास्त, तितका हा फरक मोठा. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पिल्लांत तो जवळपास दिसतच नाही. पाण्याचे निप्पल गळून गादी (जमिनीवर अंथरलेला भुसा) ओली, अमोनियाने डोळे चुरचुरतात, अशा शेडमध्ये एफसीआर (किलोभर वजनाला लागणारे खाद्य) सुधारला तर ती मुख्यतः घाणीची भरपाई असते. शिवाय कमी मात्रेत रोज दिलेल्या औषधाला जंतू सरावतात आणि तेच जंतू माणसापर्यंत पोचतात. युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठीचा वापर बंद केला. आपल्याकडे 2019 मध्ये कोंबड्या-जनावरांसाठीच्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. मला ही बंदी फार उशिरा आलेली वाटते.

आता तेल. मक्यात किलोला सुमारे 3,300 किलोकॅलरी, तेलात साधारण 8,800. टनात 10 किलो मका काढून तेवढेच तेल घातले की खाद्याची ऊर्जा किलोला 50-55 किलोकॅलरींनी वाढते. फिनिशरला, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्याला, किलोला 3,200 लागतात. नुसत्या मका-सोयापेंडीवर तिथवर पोचता येत नाही. ऊर्जा पुरेशी असली की पक्षी कमी खाद्यात तेवढेच वजन धरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पक्षी खाणे सोडतात, तेव्हा तर तेल फारच कामी येते, कारण ते पचताना अंगात उष्णता कमी तयार होते.

मात्र ऊर्जा वाढवून लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्ले तेवढीच ठेवली तर पोटात चरबी साठते. तेल खवट नको. एकदम ओतले तर मेशमध्ये (भरड दळलेल्या खाद्यात) मुठीएवढे गोळे होतात, एका फीडरला तेलकट खाद्य आणि दुसऱ्याला कोरडे जाते; म्हणून मिक्सर चालू ठेवून बारीक धारेने सोडा.

माझे मत स्पष्ट आहे: आधी गादी आणि पाणी, मग तेल. अँटिबायोटिक आजारी बॅचला, पशुवैद्यकाने लिहून दिले तरच, आणि विक्रीआधी सांगितलेले दिवस पाळून. कॉक्सिडिओस्टॅट (आतड्यातल्या कॉक्सिडिया या परजीवींना रोखणारे औषध) मात्र त्याच झटक्यात बंद करू नका. कॉक्सिडियाने आतडे सोलवटले की क्लॉस्ट्रिडियमला आयतीच वाट मिळते.