पहिलं नाणं कोणतं: एडवर्डची पेनी की कॅलेचा ग्रोट?

इंग्लंडची हातोड्याने पाडलेली चांदीची नाणी जमवायला घेतली की सुरुवातीला दोन नाणी हमखास समोर येतात: पहिल्या एडवर्डची पेनी आणि सहाव्या हेन्रीचा कॅले टांकसाळीचा ग्रोट, म्हणजे चार पेनींचं नाणं. दोन्ही मुबलक. पेनी अर्थात स्वस्त.

पेनीची मजा गावांमध्ये आहे. इ.स. 1279 च्या सुधारणेनंतर मागच्या बाजूला नाणी पाडणाऱ्याचं नाव जाऊन शहराचं नाव आलं. लंडन, कँटरबरी, यॉर्क, ब्रिस्टल अशी रांग लावता येते. डरॅमच्या काही पेन्यांवर तर बिशप अँटनी बेकचा खास क्रूस आहे. राजाच्या नाण्यावर बिशपने आपली खूण उमटवून घेतली!

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे एडवर्डच, आणि नाण्यावर आकडा नाही. चेहराही ठरीव, मुकुट घातलेला मुखवटा. 1307 मध्ये बाप गेला, मुलगा आला, मुखवटा तोच. मग भिंगाखाली मुकुटाची टोकं न्याहाळायची: डावीकडचं तुटकं असेल तर अभ्यासकांनी पाडलेल्या वर्गांतला अकरावा वर्ग, म्हणजे दुसरा एडवर्ड. आणि नेमकं तेच टोक झिजलेलं! एकाच पेनीला दोन विक्रेत्यांनी दोन वेगळे राजे लावलेले मी पाहिले आहेत. यात ज्याला रस वाटतो त्याने खुशाल पेनी घ्यावी. मला आपलं नाणं कोणाचं आहे ते आधी कळायला हवं.

तसा ग्रोटवरही नुसता 'हेन्री'च आहे. चेहऱ्याचं म्हणाल, तर हा राजा 1422 मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांचा होता आणि नाण्यावर दिसतो पुरा वाढलेला पुरुष! पण त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना बारीक कडी असतात, मागेही ठिपक्यांमध्ये तीच. कडी दिसली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. इंग्लंडबरोबर फ्रान्सचाही राजा असल्याचा दावा त्या मजकुरात आहे आणि नाणं पाडलं गेलं फ्रान्सच्याच किनाऱ्यावर, हे मला फार आवडतं.

कातरलेल्या कडांचा त्रास दोन्हीकडे आहे. शिवराई जमवणाऱ्यांना अर्धवट अक्षरं नवी नाहीत. पण पेनीच्या मागे मजकुराचं एकच वर्तुळ, कातरलं की गावच गेलं. ग्रोटला दोन वर्तुळं. बाहेरची लॅटिन प्रार्थना थोडी गेली तरी आतलं कॅलेचं नाव सहसा टिकतं.

यॉर्क घराण्याच्या नाण्यांवरची गुलाब-सूर्याची खूण किंवा तिसऱ्या रिचर्डच्या नाण्यांवरचं रानडुकराचं डोकं खुणावत असेल, तर ते पुढे कधीतरी. रिचर्डचे भाव ऐकूनच माणूस गप्प होतो.

पेनी वाईट नाही, गावांचा नाद असेल तर तीच घ्या. ग्रोट घेणार असाल तर मानेजवळची कडी आणि आतलं वर्तुळ शाबूत आहे ना, एवढं बघा. बाहेरची कड थोडी गेलेली असली तर भावात घासाघीस करायला बरी.