सॅलड स्पिनर घ्यावा, की पंचा पुरे?

लेट्यूसचं सॅलड बहुतेक वेळा पानांवर राहिलेल्या पाण्यामुळे बिघडतं. ओल्या पानाला तेल धरत नाही. ड्रेसिंग घसरून तळाशी जातं आणि ताटलीत आंबट पाण्याचं डबकं होतं. सॅलड स्पिनर आहे तो या पाण्यासाठी: बाहेर वाडगा, आत जाळीची टोपली, झाकणावर दट्ट्या किंवा हँडल.

५ लिटरचा स्पिनर निम्माच भरायचा. चार जणांची १२०-१५० ग्रॅम पानं एका खेपेत होतात. कोंबून भरली तर मधली ओलीच राहतात, कडेची जाळीवर चेंगरतात. फिरवण्याआधी पानं १० मिनिटं गार पाण्यात बुडवा, मंडईतून घरी येईपर्यंत मरगळलेली अरुगुलासुद्धा ताठ होते. मग टोपली वर उचला. वाडगा उपडा करून पाणी ओतलं, तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. २० सेकंद फिरवा, साचलेलं पाणी फेका, पानं वरखाली करा, पुन्हा २० सेकंद. आइसबर्ग लेट्यूस मात्र आधी हाताने तोडून घ्या. गड्ड्याच्या पदरांत अडकलेलं पाणी कितीही फिरवलं तरी निघत नाही.

एवढं झालं की पुढचं सोपं आहे. १ चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, पाव चमचा मोहरीची पेस्ट, त्यात ३ चमचे ऑलिव्ह तेल थेंबथेंब घालून फेटायचं. हे वाढायच्या क्षणी घाला, कारण मीठ पानांतलं पाणी ओढून काढतं आणि तेलाने पानं मऊ पडतात. ४० ग्रॅम फेटा चीज चुरून शेवटी. फार खारट असेल तर आधी १० मिनिटं साध्या पाण्यात ठेवा. प्रोसेस्ड चीज चुरलं जात नाही, गोळे होऊन पानांना चिकटतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. अक्रोड मूठभर, मंद आचेवर तव्यावर ६-७ मिनिटं परतून पूर्ण गार करून घाला. गरम अक्रोडाने चीज पाझरतं, पानं कोमेजतात. पावसाळ्यात अक्रोड फ्रीजमध्येच ठेवावेत, बाहेर ते सादळतात आणि खवट होतात.

आता दोष. दट्ट्याच्या झाकणात पाणी शिरतं, आणि झाकण उघडता येत नसेल तर पुण्याच्या जुलैत त्याला कुबट वास येणारच. म्हणून तुळशीबागेत घ्या नाहीतर ऑनलाइन, झाकणाचे दोन भाग सुटे होतात का, हे पहिलं बघा. तळाला रबरी कडं हवं, नाहीतर भांडं ओट्यावर नाचतं. आणि जागा! छोट्या स्वयंपाकघरात हा वाडगा एक अख्खा कप्पा खातो.

महिन्यातून एकदा सॅलड होत असेल तर पंचा पुरे: पानं सैल बांधून गॅलरीत गरागरा फिरवा, फक्त खाली कुणाचे कपडे वाळत नाहीत ना बघा. पण घरात घोळाणा, म्हणजे कच्च्या पालेभाजीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, होत असेल तर स्पिनर वसूल होतो. कोवळ्या मेथीवर पाणी राहिलं की दाण्याच्या कुटाचा चिखल होतो. कोथिंबीरही अशी कोरडी करून डब्यात ठेवली तर लवकर सडत नाही. परतायच्या मेथीसाठी मात्र हा खटाटोप नको, कढईत पाणी सुटतंच.