घरात सत्तूर : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून घेतलेला लोखंडी सत्तूर आता माझ्या ओट्यावर चांगला रुळलाय. वजन पाऊण किलोच्या आसपास, पातं रुंद, पाठ जाड. घेताना मूठ नीट बघा. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि रिव्हेट मारलेले हवेत. नुसती खुपसलेली मूठ घाव सोसत नाही, लवकर हलायला लागते. सत्तुरासारखी दिसणारी पातळ स्टीलची पाती भाजीला ठीक, हाडाला नाहीत.

याचं काम वजनावर चालतं. जोरात आपटायचं नाही, कोपरातून उचलायचा आणि पडू द्यायचा. कोंबडीची पाठ, मटणाच्या चापा एका घावात सुटतात. सुरमईचं किंवा घोळीचं डोकं उभं फोडताना विळीवर जी कसरत व्हायची, ती पूर्ण थांबली. तुकड्या मात्र मी अजून विळीवरच पाडते, सत्तुरानं मासा चेपतो. खेकड्याचे नांगे पाठीनं ठेचायचे, आलं-लसूण सपाट बाजूनं. सुरण, लाल भोपळा, कच्चा फणसही छान निघतो. फणसाआधी पात्याला तेल लावा, नाहीतर चीक सुटता सुटत नाही.

नळी खाटकाकडूनच तोडून आणते. घरी फोडली की हाडाचे कपचे रश्श्यात येतात. फ्रीजरमधल्या गोठलेल्या मटणावर तर घाव घालूच नका, धारेचा टवका उडतो.

धार जाडच राहू द्या. धारवाल्याला तसं आधीच सांगावं लागतं. कोरड्या चाकावर घासताना कड निळी पडली, तर पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं समजा. मग धार टिकत नाही. मी घरी दगडावर पाणी टाकून लावते.

पावसाळ्यात कळव्याच्या खाडीवरची हवा लोखंडाला सोडत नाही. काम झालं की लगेच धुवायचा, कोरडा पुसायचा, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. कोकम-लिंबानं पातं करडं-निळसर होतं, तो गंज नव्हे, घासून काढू नका. लाल डाग दिसला तरच चिंचेनं घासा.

खाली चिंचेचा ओंडका हवा, रेषा उभ्या असलेला. ग्रॅनाइटवर धार मरते. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर ओंडक्याखाली गोणपाटाची घडी घाला, खालच्या मजल्यावर प्रत्येक घाव ऐकू जातो.