‘श्वास’ की ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’?

वडोदऱ्यात आमच्या घरी नातवंडांना पहिला मराठी सिनेमा कोणता दाखवायचा, यावर वाद होतो. दोन्ही सिनेमे भारतातर्फे ऑस्करला गेलेले.

‘श्वास’ (2004) मधले अरुण नलावडे मला विसरताच येत नाहीत. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर आजोबा शस्त्रक्रियेआधी त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात, डोळे भरून जग दाखवायला. त्या प्रसंगी माझा गळा दरवेळी दाटून येतो. पण सात-आठ वर्षांच्या पोरांना हे फार जड जाईल.

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ उलट खळखळता. नंदू माधव यांनी साकारलेले दादासाहेब फाळके, म्हणजे भारतातला पहिला कथापट काढणारे, घरदार विसरून सिनेमामागे धावतात, आणि विभावरी देशपांडे यांनी साकारलेली त्यांची पत्नी सरस्वतीबाई सगळ्या खटाटोपात खंबीर साथ देते. मला तर तीच खरी नायिका वाटते. नायिकेसाठी बाई मिळेना, म्हणून पुरुषांना मिशा काढायला लावायच्या, हा प्रसंग पोरांना खूप आवडेल! शिवाय खरे फाळके इथल्याच कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी उभारलेली ती वास्तू मुलांना आधी दाखवायची, मग सिनेमा लावायचा.

माझं मत फॅक्टरीला. ‘श्वास’ मुलं थोडी मोठी झाल्यावर, आजोबांच्या शेजारी बसूनच बघायचा.