कितवा मजला, किती रुंद दार: पहिल्या घरासाठी पुण्याच्या पेठांतील दिवाळी खरेदी

दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्हाला आमच्या पहिल्या घराचा ताबा मिळाला, तेव्हा वसुबारसेला जेमतेम अडीच आठवडे उरले होते. मुद्रांक शुल्क, ३०,००० रुपयांचे नोंदणी शुल्क आणि सोसायटीचा आगाऊ देखभाल खर्च भरून झाल्यावर हातात जे उरले, त्यात रिकामे घर सणासाठी सजवायचे होते. घर आई आणि मी अशा दोघींच्याच नावावर घेतल्यामुळे मुद्रांक शुल्कात महिला खरेदीदारांना मिळणारी १ टक्क्याची सवलत आम्हाला मिळाली होती, आणि खरे सांगायचे तर पुढची सगळी खरेदी त्या वाचलेल्या पैशांतूनच झाली. ही खरेदी आम्ही तुळशीबाग, बोहरी आळी, तांबट आळी आणि कुंभारवाडा या चार ठिकाणी केली. नव्या घरात पहिली दिवाळी करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तिथला अनुभव सविस्तर लिहीत आहे.

निघण्यापूर्वी घरातील प्रत्येक माप टेपने घेऊन वहीत लिहावे, ही माझी पहिली सूचना. करारनाम्यातील चटई क्षेत्रावरून (कार्पेट एरियावरून) वस्तूंचा अंदाज बांधू नये, कारण रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे घराच्या आतील भिंतींनी व्यापलेली जागाही त्या क्षेत्रात धरली जाते, आणि बाल्कनी मात्र त्यातून वगळलेली असते. कागदावर ऐसपैस वाटलेली आमची बैठकीची खोली टेप लावल्यावर बरीच आकसली. ती वही आम्ही स्वतःच्या समाधानासाठी बरोबर नेली होती, पण पेठांतले विक्रेतेच ती पुन्हा पुन्हा उघडायला लावतील, याची आम्हाला कल्पना नव्हती.

बोहरी आळीत आकाशकंदील घेताना याची पहिली प्रचिती आली. मी कागदी कंदिलाकडे बोट दाखवताच दुकानदारांनी किंमत सांगण्याआधी विचारले, "ताई, कितवा मजला?" अकरावा म्हटल्यावर त्यांनी तो कंदील हातातून काढून घेतला आणि कापडी कंदील पुढे केला. एवढ्या उंचीवर वारा कागद दोन दिवसांत फाडतो, शिवाय कंदील एकाच दोरीवर टांगला तर गरगर फिरून वायर पिळवटते, म्हणून खालूनही एक दोरी कठड्याला बांधा, असे त्यांनी समजावून सांगितले आणि तेवढी सुतळी मोजून कापून दिली. कापडी कंदील कागदीपेक्षा महाग होता, हे खरे. परंतु तो भाऊबीजेनंतरही जसाच्या तसा राहिला, त्यामुळे तो सल्ला आमच्या हिताचाच होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुळशीबागेत, म्हणजे पेशवाईतील राममंदिराभोवती वसलेल्या त्या बाजारात, आई तोरणाच्या दुकानात बराच वेळ रमली. तिथल्या बाईंनी तिला दाराची रुंदी विचारलीच, पण त्याबरोबर "काकू, बाहेर जाळीचं दार आहे का?" असेही विचारले. दोन दारांमध्ये अंतर कमी असेल तर लोंबत्या घुंगरांचे तोरण बाहेरचे दार लावताना अडकते आणि महिन्याभरात तुटते. आम्ही आखूड आणि सपाट तोरण घेतले. तिथेच पितळी पातेल्याबद्दल विचारले असता शेजारच्या विक्रेत्याने शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची, हे आधी विचारून घेतले, कारण पितळ इंडक्शनवर तापत नाही. पातेल्याला कल्हई केलेली असली तरी ती कायम टिकत नाही, आणि आंबट पदार्थ शिजवायचे असतील तर वेळच्या वेळी पुन्हा करून घ्यावी लागते, हेही त्याने विकण्यापूर्वीच सांगितले.

कसबा पेठेतील तांबट आळीविषयी मात्र मला थोडे अधिक लिहायचे आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे घाव एकाशेजारी एक घालून केलेले मठारकाम तिथे डोळ्यांसमोर चालते आणि तो ठोक्यांचा आवाज आळीत शिरण्यापूर्वीच कानावर पडतो. अभ्यंगस्नानासाठी घंगाळे घ्यायचे आईच्या मनात कित्येक वर्षे होते, पण भाड्याच्या घरांतून दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवताना तिने ते कधी घेतले नाही. कारागिरांनी आमच्या न्हाणीघराचे माप पाहून मोठे घंगाळे बाजूला ठेवले आणि भिंत व कमोड यांच्यामध्ये बसेल असे लहान घंगाळे काढले. वजनावर आणि घडणावळीवर किंमत ठरत असल्यामुळे त्यांचे उत्पन्न त्यात कमी झाले, तरीही त्यांनी तेच सुचवले. नरकचतुर्दशीला पहाटे त्या घंगाळ्यातील पाण्यावर दिव्याचा प्रकाश हलताना पाहून आई काही वेळ नुसती उभी राहिली.

कुंभारवाड्यात पणत्या आणि किल्ल्यासाठी मातीचे मावळे मिळाले. पणत्या वापरण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवल्या तर त्या तेल कमी पितात, ही तेथील मावशींची सूचना आम्ही पाळली आणि मार्गिकेतील फरशीवर तेलाचे डाग पडले नाहीत.

सगळेच अनुभव असे नव्हते. ज्या एका दुकानात आम्हाला काहीही विचारले गेले नाही, तिथून घेतलेल्या दिव्यांच्या माळेचा अर्धा भाग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीच विझला आणि पावती नसल्यामुळे ती बदलून मिळाली नाही. विजेची वस्तू दुकानातच लावून पाहावी आणि पावतीचा आग्रह धरावा. धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवार-रविवारी या भागात पाऊल ठेवायलाही जागा नसते, आणि वयस्कर माणसांना क्षणभर टेकायला कुठे बसता येत नाही. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, वनाझहून मेट्रोने निघून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून मंडईला उतरलो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून वाहन लावण्याची विवंचना राहिलेली नाही. जड वस्तूंची खरेदी मात्र शेवटी करावी.

तुळशीच्या लग्नासाठी वृंदावन घ्यायला आम्ही कार्तिकात पुन्हा तिथेच गेलो. विक्रेत्याने बाल्कनीत ऊन किती वाजेपर्यंत येते, असे विचारले. आईने वही न उघडताच उत्तर दिले, "साडेअकरापर्यंत, आणि कोपऱ्यात थोडं जास्त."