२० हर्ट्झचा बेस देतो म्हणून २२,१५० रुपये घेतले, घरी सबवूफर बनवणाऱ्यांनी वाचाच

खान्देशातल्या भावांनो, ईक्यू बोर्ड (बेस-ट्रेबल कमीजास्त करणारं सर्किट) लावून तुमच्या बॉक्सचा बेस खाली उतरवून देतो असं सांगणारा कोणी भेटला तर आधी हे वाचा. बोर्ड ४,८००, बारा इंची "लाँग थ्रो" ड्रायव्हर (म्हणजे स्पीकर) ९,५००, ॲम्प ७,२००, ट्रान्सपोर्ट ६५०. सगळे यूपीआयने, सगळे आधीच.

माझा बॉक्स १८ एमएम प्लायचा, सीलबंद, जळगावात कापून घेतलेला, रेझोनन्स ५५ हर्ट्झला. त्याच्या खाली दर ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की एक ऑक्टेव्ह) १२ डीबी आवाज पडतो, तेवढाच ईक्यूने उचलला की बेस खाली सरकतो, हे खरं आहे, लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म नावाचं सर्किटच आहे त्यासाठी, म्हणजे मी काही जादूटोण्याला भुललो नव्हतो. आणि हे विकणारा माणूस अडाण्यासारखा बोलतच नव्हता. एफएस, क्यूटीएस (ड्रायव्हरचे तांत्रिक आकडे), बॉक्सचे लिटर, सगळं मागून घेतलं. जो क्यूटीएस विचारतो तो चोर निघेल हे कोणाच्या डोक्यात येईल? एवढ्या बूस्टला पॉवर जास्त लागेल ना, हेही मी विचारलं, तर म्हणे बरोबर बोलले भाऊ, म्हणूनच माझाच ड्रायव्हर नि माझाच ॲम्प घ्या, ड्रायव्हरचा एक्समॅक्स (कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, एका बाजूला किती हलू शकतो ते माप) १८ एमएम आहे, ॲम्प ५०० वॅट आरएमएस.

पण तो ग्राफ! रात्री साडेअकराला पाठवला, २० हर्ट्झपर्यंत पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ. तिथेच सगळं उघडं पडलं होतं. खोलीत माईक ठेवून मोजलेला बेस कधीच असा येत नाही, भिंतींमुळे चढउतार येतातच. ती रेघ कॉम्प्युटरवर काढलेली होती, किती आवाजाला मोजलं, कोन किती हलला, काही नाही. आजही फोनमध्ये तो फोटो उघडला की डोकं फिरतं. खाली लिहिलेलं, "आज पेमेंट केलं तर तुमच्या बॉक्ससाठी ट्यून करून देतो, उद्यापासून रेट वाढतोय." कोणी घाई करायला लावली की फोन ठेवा, बस.

हिशोब बघा. ५५ वरून २० म्हणजे साडेसतरा डीबी, जवळजवळ ५७ पट पॉवर. जिथे १० वॅट लागत होते तिथे ५७०. आणि तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली हवा तर कोन चौपट हलला पाहिजे. ईक्यू फुकट काही देत नाही, सगळं ॲम्प आणि ड्रायव्हरकडून वसूल करतो.

बोर्डावर निघाली एक ४५५८ आयसी (साधी ऑडिओ चिप) आणि एक पॉट (फिरवायचं बटण), म्हणजे साधा बेस बूस्ट. कानबाईच्या सणाला, रोटांना पाहुणे जमले होते, सगळ्यांसमोर २५ हर्ट्झ लावला, आधी नुसती फडफड, मग वास, मग धूर. भाचे हसले. मेव्हणा अजून विचारतो "भो, तुझा बेस कुठंय?" ड्रायव्हर फाडला तर कॉइलचं वाइंडिंग १४ एमएम उंच, चुंबकाची प्लेट ८ एमएम जाड. वजाबाकी करून अर्धं करा, एक्समॅक्स ३ एमएम! ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, ३ अँपिअर, म्हणजे १४४ व्हीए (वॅटच धरा), तो ५०० वॅट कुठून देणार? ॲम्प घेताना स्टिकर नाही, ट्रान्सफॉर्मर बघा.

त्याला फोन केला तर "तुम्ही ओव्हरपॉवर केलं, वॉरंटी गेली", नंतर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो. बसवून ठेवलं, मग साहेब म्हणाले "आवाज कमी आला म्हणून गुन्हा दाखल करू का?" मी म्हटलं साहेब, १८ सांगून ३ एमएमचा माल दिला, खोटं बोलून पैसे घेणं फसवणूकच आहे, न्याय संहितेत ३१८ कलम आहे. तर म्हणे पार्सल आलं ना, मग फसवणूक कसली, हा तुमचा आपसातला व्यवहार. बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकला. हेल्पलाइनवाल्यांना एक्समॅक्स समजावता समजावता घसा बसला, शेवटी तेही म्हणाले ठाण्यात जा. अरे ठाण्यातूनच आलो ना! २२ हजार म्हणजे यांना काहीच नाही, इथे कपाशीच्या पैशातले होते ते.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पोर्टेड (भोक ठेवलेल्या) बॉक्सला ट्यूनिंगच्या (ज्या हर्ट्झला ते भोक काम करतं त्याच्या) खाली बूस्ट देऊच नका, तिथे कोन मोकळा सुटतो, उलट सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा बेस कापणारा) लावा. पेमेंट फक्त डिलिव्हरीवर.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार लिहून तयार आहे, जळालेली कॉइल, स्टिकर, चॅट सगळं जपून ठेवलंय. ज्यांना असाच ४५५८ वाला बोर्ड आलाय त्यांनी बोर्डाचा फोटो आणि पेमेंटची पावती मला पाठवा, तक्रारीला जोडतो.