घोडबंदरच्या कोंडीत एएमटी बरी की टॉर्क कन्व्हर्टर?

ऑटोमॅटिक गाडी घेताना किंमत पाहिली की एएमटीचे (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) पारडे जड होते. मात्र तिच्यात नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम पायाऐवजी ॲक्चुएटर, म्हणजे आपोआप चालणारी यंत्रणा, करतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या चढावर रांग थांबली की अनेक चालक ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवतात. त्या वेळी क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो, केबिनमध्ये जळका वास येतो आणि हीच सवय राहिली तर पुढे गाडी उचलताना झटके बसू लागतात. अशा ठिकाणी ब्रेक दाबून थांबावे आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावरच गाडी हलवावी, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते, त्यामुळे इंच-इंच सरकण्याचा त्रास त्याला फारसा होत नाही. त्याचा खरा शत्रू म्हणजे तापून निकामी झालेले तेल. गिअर लिव्हरवर डी (पुढे जाण्याची स्थिती) निवडल्यावर गाडी उशिराने हलू लागली, तर तेलाची पातळी कमी झाल्याची शंका घ्यावी. तेल काळपट आणि जळक्या वासाचे असेल तर तपासणी टाळू नये. बदलताना कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे तेल वापरावे, स्वस्तातला पर्याय नको.

रिव्हर्स टाकण्यापूर्वी गाडी पूर्ण थांबवणे दोन्हींना लागू आहे.

रोज घोडबंदर रस्त्याने ये-जा असेल, तर जादा पैसे मोजून टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा. नवी मुंबईतील पाम बीचसारख्या सपाट, वाहत्या रस्त्यावर मात्र एएमटी पुरेशी आहे.